सगळ्यात जुना पूल कोणता, हे विचारण्याआधी तो कुठे तुटतो ते विचारा

जगातला सगळ्यात लांब पूल कोणता? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत असतं: चीनमधला दानयांग-कुनशान, १६४.८ किलोमीटर. मार्क मिळतात, विषय संपतो. पण दर पावसाळ्यात आपल्याकडे पुलांच्या ज्या बातम्या येतात, त्या समजून घ्यायच्या असतील तर या एका ओळीच्या आत शिरावं लागतं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

दानयांग-कुनशान हा बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वेचा पूल. २०११ मध्ये सुरू झाला. भातशेतं, कालवे, तळी यांच्यावरून तो जातो. पण त्याचे बहुतेक गाळे जेमतेम ३२ मीटरचे आहेत. म्हणजे जगातला सगळ्यात लांब पूल हा खरं तर हजारो छोटे पूल एकापुढे एक ठेवून झालेला आहे. दुसरीकडे तुर्कस्तानातला १९१५ चानक्कले पूल. २०२२ मध्ये खुला झाला. त्याचा मधला एकच गाळा २०२३ मीटरचा आहे! दोन किलोमीटर, मध्ये एकही खांब नाही. (२०२३ हाच आकडा का? तुर्की प्रजासत्ताकाची शताब्दी त्या वर्षी होती म्हणून.)

आता यातला 'मोठा' कोण? दोघांची तुलनाच होत नाही, कारण दोघांची जात वेगळी. २०११ मध्ये चीनने समुद्रावरचा नवा पूल पुढे केला, तेव्हा अमेरिकेतल्या पॉन्टचारट्रेन सरोवरावरच्या ३८ किलोमीटरच्या पुलाचा विक्रम धोक्यात आला. वाद झाला आणि गिनीजवाल्यांना दोन वेगळे विक्रम करावे लागले: पाण्यावरून सलग जाणारा आणि एकूण लांबीचा. पुलाची जात सांगितल्याशिवाय विक्रमाला अर्थ नसतो. माझा मुद्दा असा की जात सांगितल्याशिवाय तपासणीलाही अर्थ नसतो. कारण प्रत्येक जातीचा पूल वेगळ्या जागी तुटतो.

*१) कमान: पाय सांभाळा*

जगातल्या जुन्या पुलांची यादी काढा, बहुतेक सगळे दगडी आणि कमानीचेच निघतील. ग्रीसमधला आर्कादिको पूल ख्रिस्तपूर्व १३०० च्या आसपासचा. चुना नाही, काही नाही, नुसते मोठाले दगड एकमेकांवर पुढे सरकवत रचलेत. लांबी अवघी २२ मीटर आणि खालची मोकळी जागा साधारण एक मीटर. रथांसाठी बांधला होता, आजही गावकरी त्यावरून जातात. रोममधला फाब्रिचिओ पूल ख्रिस्तपूर्व ६२ चा, तोही वापरात आहे. चीनच्या हबेई प्रांतातला झाओझोऊ पूल ली चुन नावाच्या कारागिराने इसवी सन ६०५ च्या सुमारास पुरा केला. ३७ मीटरची एकच बसकी कमान आणि दोन्ही खांद्यांवर आणखी दोन दोन छोट्या कमानी. त्यामुळे वजन कमी झालं आणि पुराचं पाणी जायला वाट मिळाली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पुराचा विचार आधी केला होता.

आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याला पार गावात कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे.

का टिकतात हे? दगडाला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबत असतो, ताण जवळपास नसतोच. गंजायला काही नाही. वजन पडलं की कमान उलट घट्ट बसते. मग ती पडते कशाने? पाय सरकले तर. नदी पुराच्या वेळी खांबाच्या बुडाची माती, वाळू उकरून नेते. वरून बघणाऱ्याला पूल धडधाकट दिसतो.

इंग्लंडमधला कोलब्रुकडेलचा आयर्न ब्रिज, १७७९ चा, जगातला पहिला ओतीव लोखंडाचा मोठा पूल, तोही कमानीचाच. १७९५ च्या महापुरात टिकला. पण पुढे दोन्ही काठ आत सरकायला लागले. १९३४ पासून तो वाहनांना बंद केला आणि १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान टाकून दोन्ही पाय एकमेकांपासून लांब धरले. दुरुस्ती पुलाची नाही, पायाची!

हे वाचताना महाड आठवलं असेल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात पाण्यात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती, असं नंतर सांगितलं गेलं. मे महिन्यात केलेली तपासणी ऑगस्टच्या पुराबद्दल काय सांगणार, हा खरा प्रश्न आहे.

*२) झुलता पूल: साखळी बघा*

झुलत्या पुलात सगळं उलटं. इथे दाब नाही, ताण. म्हणून लांब उडी मारायची तर हाच. १८२६ मध्ये टेलफर्डने वेल्समध्ये मेनाय पूल १७६ मीटरचा केला. १८८३ मध्ये न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ४८६ मीटरवर गेला. १९९८ मध्ये जपानच्या आकाशी कैक्यो पुलाने १९९१ मीटर गाठले. गंमत म्हणजे आराखड्यात तो १९९० मीटरचाच होता. १९९५ च्या कोबे भूकंपात मनोरेच जवळजवळ एक मीटर लांब सरकले आणि पूल तेवढा वाढला.

पण ताणावर उभी असलेली वस्तू तुटते तेव्हा सूचना देत नाही. अमेरिकेतल्या ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज. हाही १९२८ चाच, आपल्या सावित्री पुलाच्या वयाचा. तारांऐवजी पोलादी पट्ट्यांची साखळी होती, प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या भोकाशी सुमारे अडीच मिलिमीटरची चीर होती, जोडाच्या आत लपलेली. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीत, ती पट्टी तुटली आणि मिनिटाभरात अख्खा पूल नदीत. ४६ माणसं गेली.

त्यानंतर अमेरिकेत देशभरासाठी पूल तपासणीचे नियम आले आणि साधारण दर दोन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. एवढ्या मोठ्या देशातही हे व्हायला ४६ जीव जावे लागले.

आणि या जातीतला सगळ्यात शहाणा पूल कुठे आहे सांगू? पेरूमध्ये. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका. इंका काळापासून चालत आलेला, गवताच्या दोरांचा. आजूबाजूच्या गावांतली माणसं दरवर्षी जूनमध्ये गवत वळून दोर करतात, जुना पूल नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. परंपरा शतकांची, पण पूल सहसा एका वर्षापेक्षा जुना नसतो. गवत किती टिकतं हे त्यांना माहीत आहे आणि ते त्याला त्याहून जास्त वापरत नाहीत. बस, एवढंच.

*३) कॅन्टिलिव्हर: हिशेब पुन्हा करा*

घराचा सज्जा कसा भिंतीतून पुढे येतो, तसे दोन सज्जे समोरासमोर आणून मध्ये जोडायचे. स्कॉटलंडचा फोर्थ पूल, १८९०, गाळे ५२१ मीटरचे. आपला हावडा पूल, १९४३, याच जातीचा, ४५७ मीटर. आणि या जातीतला आजही सगळ्यात लांब म्हणजे कॅनडातला क्विबेक, ५४९ मीटर.

क्विबेकचा विक्रम सांगताना पुस्तकं पुढचं सांगत नाहीत. बांधायच्या आधी गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला गेला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेत पुन्हा केला नाही. खालच्या पट्ट्या वाकताना कामावरच्या लोकांना दिसत होत्या. पत्रव्यवहार सुरू होता. २९ ऑगस्ट १९०७ ला सांगाडा कोसळला, ७५ कामगार गेले. १९१६ मध्ये मधला भाग वर चढवताना पडला, आणखी १३. शेवटी १९१७ मध्ये पूल झाला. धोका दिसणं आणि काम थांबवणं यात फाईल आडवी येते, ही काही फक्त आपलीच खासियत नाही.

फोर्थ पुलाबद्दल इंग्रजीत म्हणच आहे: कधीच न संपणारं काम म्हणजे त्या पुलाला रंग देणं. लोकांना तो विनोद वाटतो. पण तो पूल सव्वाशे वर्षांनंतरही गाड्या नेतोय, त्याचं एक कारण वर्षानुवर्षं दिला गेलेला तोच रंग आहे.

*४) काँक्रीट आणि केबल: आत काय चाललंय?*

हल्लीचे आपले मोठे पूल बहुतेक या गटातले. काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी तारा, किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या मनोऱ्यावरून थेट खाली येणाऱ्या केबल. या केबल-स्टेड जातीचा आधुनिक काळातला पहिला मोठा पूल स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात झाला, १८२ मीटरचा. २०१२ मध्ये रशियातल्या व्लादिवोस्तोकचा पूल ११०४ मीटरवर गेला. साठ वर्षांत सहापट!

इथे धोका वेगळा. दगडी कमानीची भेग दिसते, काँक्रीटच्या पोटातली गंजलेली तार दिसत नाही.

गोव्यात जा. पणजी-रायबंदर रस्त्याचा पोर्तुगीज काळातला बांध-पूल १६३३-३४ चा. साडेतीनशेच काय, जवळजवळ चारशे वर्षं वाहतूक घेतोय. त्याच मांडवीवर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालेला नवाकोरा काँक्रीटचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. वीस वर्षंही झाली नव्हती! खारी हवा आत शिरून ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. दुसरा पूल होईपर्यंत लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत.

याचा अर्थ 'जुनं ते सोनं' असा काढू नका. जुन्या काळातही शेकडो पूल वाहून गेले, ते यादीत नाहीत एवढंच. आपल्याला जे दिसतात ते वाचलेले आहेत. अर्थ एवढाच की वयावरून पूल ओळखता येत नाही.

*मग आपण काय विचारायचं?*

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीचा पादचारी पूल पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्त्या सांगून तो वापरायला योग्य ठरवला होता. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत पडला, चार जीव गेले. तिथे धोक्याचा फलक होता. म्हणजे एके ठिकाणी कागद होता, दुसऱ्या ठिकाणी पाटी होती. नुसत्या कागदाने आणि पाटीने पूल उभा राहत नाही.

आपण मात्र दुर्घटनेनंतर एकच मागणी करतो: 'सगळ्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करा!' तेही होतं, अहवाल येतो, कपाटात जातो. यापुढे मागणी जरा नेमकी करू या. आपल्या गावातला, वॉर्डातला एक पूल निवडा. ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा, नाहीतर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. प्रश्न चारच:

पूल कोणत्या जातीचा आहे आणि कधी बांधला?
दगडी असेल, तर पाण्याखाली उतरून पाया शेवटचा कधी बघितला? पुरानंतर पुन्हा बघितला का?
लोखंडी किंवा झुलता असेल, तर जोड, दोर आणि गंज कोणी तपासला? एका वेळी किती माणसं चालतील आणि त्यांना अडवायला तिथे कोण उभं असतं?
काँक्रीटचा असेल, तर आतल्या तारांची तपासणी झाली का, की बाहेरून फोटो काढून अहवाल दिला?

उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये टाका. तीस दिवसांत आलं नाही तर तेही टाका. गावागावाची यादी करू आणि पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आत ती घेऊन बांधकाम विभागात जाऊ.