कीर्तिमंदिराच्या भिंती

बडोद्यास विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर उभे आहे. गायकवाड घराण्यातील पूर्वजांची स्मृती राहावी म्हणून महाराज सयाजीराव तिसरे यांनी ते बांधविले व १९३६ साली ते पूर्ण झाले. अशा वास्तूत लढायांची, दरबारांची, फार तर वंशवृक्षाची चित्रे असावयाची, असे पाहुणा धरून चालतो. मधल्या दालनात पाऊल टाकताच त्याचा हा समज मोडतो.

भिंती रंगविण्याचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे गेले. १९३९ ते १९४६ या काळात त्यांनी येथे चार विषय चितारले: गंगावतरण, मीरेचे जीवन, ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध. यांत गायकवाड कोठेच नाहीत. उलट मीरा ही राजकुळाची सून असून राजकुळाची मर्यादा न जुमानणारी. ‘नटीर पूजा’ हे रवींद्रनाथांचे नाटक. त्यातील श्रीमती ही दरबारची साधी नर्तकी. राजाज्ञेने बुद्धपूजेला बंदी झाली असता तिला स्तूपापुढे नाचण्याचा हुकूम होतो. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरविते, आतील भिक्षुणीचे वस्त्र प्रकट होते, आणि तिचा वध होतो. राजांच्या स्मारकात राजाज्ञा मोडणाऱ्या या दोघी आल्या, आणि त्या तेथे राहू दिल्या गेल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

पूर्वेस शंभरेक किलोमीटरांवर छोटा उदेपूरचा मुलूख लागतो. २०१३ पर्यंत तो वडोदरा जिल्ह्यातच होता. तेथील राठवा आदिवासींच्या घरी भिंत रंगते ती नवस फेडण्यासाठी. कुमारिका ती शेणामातीने सारवतात. लखारा रंगांत दूध व मोहाची दारू कालवितो आणि बाबा पिठोऱ्याच्या लग्नाची वरात घोड्यांवरून काढतो. त्याच भिंतीवर हत्तीवर बसलेला राजा भोजही असतो! इतिहासातील राजा येथे दैवतांच्या पंक्तीत पाहुणा म्हणून येतो. नांगर, विहीर, ताक घुसळणारी बाई यांनाही जागा मिळते. या कलेसाठी परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

चित्र पुरे झाले की बडवा येतो. (पंढरपूरच्या बडव्यांशी याचे नाते जोडू नये.) अंगात आलेल्या अवस्थेत तो एकेक आकृती ओळखतो, राहून गेलेली दाखवितो, आणि लखारा पुन्हा कुंचला हाती घेऊन ती भरून काढतो.