चावडीवरचा रेडिओ

आकाशवाणीच्या पैशांचा हिशेब आपण नेहमी केंद्र, मनोरे आणि नोकरवर्गापासून मांडतो. पुणे जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर तो ऐकणाऱ्यापासून मांडायला हवा. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झालं. पण शिरूर-दौंडच्या शिवारावर लहरी पोचल्या म्हणून घराघरांत आवाज पोचत नव्हता. बहुतेक गावांत वीज नव्हती आणि संच कोरडवाहू शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा होता. म्हणूनच सार्वजनिक पैशातून गावासाठी चावडीवर सामुदायिक संच बसवले गेले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत याच्या पुढचा प्रयोग झाला. दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, ऐकायला वीसेक जणांचं मंडळ, मग चर्चा. चर्चेचा अहवाल आणि शंका टपालानं केंद्राकडे जात, उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत संशोधक पॉल न्यूराथ यांना दिसलं, की मंडळं नसलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी अधिक वाढली. निव्वळ रेडिओ असणं पुरेसं नव्हतं; ऐकण्याची आणि उलट विचारण्याची सोय करावी लागली, आणि तिला पैसा लागला.

चावडी सगळ्यांची नव्हती, हा आक्षेप खरा आहे. बायका आणि दलित तिथे बरोबरीनं बसत नव्हते. ट्रान्झिस्टरनं रेडिओ चुलीपर्यंत आणला, हे मोठंच काम झालं. पण त्यासाठी केंद्राकडे जाणारी गावाची वाट बुजू द्यायला नको होती. ती सर्वांना खुली करायची होती. पुढे ऐकणं ज्याच्या त्याच्या खिशावर गेलं. टपाल कार्यालयात भरायची परवाना फी ऐंशीच्या दशकात रद्द झाली. ती गेली हे योग्यच. पण रेडिओसाठी आपण थेट पैसे देतो, म्हणून आपला हक्क आहे, ही जाणीवही तिच्याबरोबर ओसरली.

आकाशवाणीनं जाहिरातींवर भागवावं, असं काही जण म्हणतात. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्यातून पैसाही आला. पण जाहिरातदार गिऱ्हाईक शोधतो. घोडनदीकाठच्या बाजरीवरची कीड किंवा भीमेचा पूर यांना कोण प्रायोजक मिळणार? आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७ पासून कागदोपत्री स्वायत्त आहे, पगाराला मात्र सरकारी अनुदान लागतं. २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय निघाला आणि लोकांच्या विरोधामुळे थांबला. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. तो विभाग हलला असता, तर रेडिओवर दौंडची बातमी पुण्यातून सांगणारं कुणी उरलं नसतं.