हॉलंडची पवनचक्की आणि आपली उघाडी

हॉलंडची पवनचक्की कॅलेंडरवर आपण सगळ्यांनी पाहिलीय. पुढे ट्यूलिपची फुलं, मागे चक्की. चक्की म्हटलं की आपल्याला पीठ आठवतं. पण तिथल्या शेकडो चक्क्यांनी कधी दाणा दळलाच नाही. त्यांचं काम एकच, पाणी उपसणं.

झालं असं, की शेतीसाठी लोकांनी चर खणून दलदल कोरडी केली. पाणी निघालं तशी ती भुसभुशीत जमीन खचत गेली. शेत खाली, नदी वर! मग पाणी आपोआप वाहून जाईना. पंधराव्या शतकापासून ते वाऱ्याच्या जोरावर वर चढवायला सुरुवात झाली.

एक चक्की पाणी जेमतेम दीड मीटर उचलायची. खोल तळं असेल तर तीन-चार चक्क्या ओळीने, एकीने उचललेलं पाणी दुसरीने आणखी वर न्यायचं. बेम्स्टर नावाचं मोठं तळं असंच आटवलं. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला. १६१० मध्ये वादळात बांध फुटला, तळं पुन्हा भरलं. लोकांनी पुन्हा कंबर कसली. चाळीसहून जास्त चक्क्या चालवून १६१२ मध्ये सुमारे सात हजार हेक्टर जमीन मोकळी झाली. किंडरडाइकच्या १९ चक्क्या आजही उभ्या आहेत, जागतिक वारसा म्हणून.

पण खरी गंमत चक्कीत नाही, माणसांच्या कारभारात आहे. तेराव्या शतकापासून तिथे पाणी मंडळं आहेत. ज्याची जमीन, त्याच्यावर बांधाची जबाबदारी. चर-बांधांची तपासणी व्हायची, हयगय केली की दंड. कारण एकाचा बांध फुटला तर बुडणार सगळेच. आजही तिथे अशी २१ मंडळं आहेत. लोक त्यांना वेगळी पाणीपट्टी भरतात आणि त्यांच्यासाठी वेगळं मतदानही करतात.

तिथे सगळं आलबेल होतं असंही नाही. बांध कमी पडतील असा इशारा अभियंत्यांनी दिला होता, तो वेळेवर ऐकला गेला नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर मात्र देशाने समुद्राची मुखं बंद करणारी डेल्टा योजना हाती घेतली आणि काही दशकं खपून पुरी केली.

आता आपल्याकडे या. पेण-अलिबागच्या खारजमिनीत आपल्या आज्या-पणज्यांनीही खाडीला बांध घातले, उघाड्या बसवल्या. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. वीज नाही, इंजिन नाही. बांधाला भगदाड पडलं की गाव टोपल्या-फावडी घेऊन धावायचं. आता भगदाड पडलं की आपण अर्ज करतो आणि पंचनाम्याची वाट बघतो. तोवर खारं पाणी भातात शिरतं आणि शेत काही वर्षांसाठी हातचं जातं.

सरकारने निधी द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तुमच्या गावच्या उघाडीचं दार आज धड आहे का, हे शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं? माहीत असेल तर खाली लिहा.