थंड प्रदेशात घराला जोडून खोली बांधताय? मग आधी पायाचं हे गणित समजून घ्या

आपल्याकडे ‘स्लॅब’ म्हटलं की डोळ्यांसमोर छत येतं. अमेरिकेत मात्र स्लॅबवरची खोली म्हणजे थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या थरावर उभी राहिलेली खोली. मिनेसोटासारख्या बर्फाळ राज्यात घराला जोडून अशी छोटी खोली काढणं वरवर सोपं वाटतं. पण पाया चुकला तर एखाद्या हिवाळ्यातच जुन्या आणि नव्या भिंतीमध्ये भेग पडते, दारं अडकायला लागतात आणि छताच्या सांध्यातून पाणी झिरपतं. असं का होतं? चला, जाणून घेऊया.

जमीन वर का उचलली जाते?

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण जमीन उचलली जाण्याचं मुख्य कारण ते नाही! अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन वापरून प्रयोग केला. बेंझिन गोठल्यावर आकसतं, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजेच गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून द्रव वर खेचत राहतो. जमिनीत अशा रीतीने बर्फाचे पापुद्रे साचत जातात आणि वरचं काँक्रीट उचललं जातं. वसंतात बर्फ वितळला की तेच काँक्रीट खाली बसतं, तेही सगळीकडे सारखं नाही.

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गोठवणारी थंडी, पाणी आणि पाणी वर खेचणारी बारीक गाळाची माती. यातली एक जरी काढून टाकली तरी धोका टळतो. स्लॅबखाली खडीचा थर घालतात तो यासाठीच.

पाया किती खोल हवा?

नेहमीचा उपाय म्हणजे जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया नेणं. मिनेसोटाच्या नियमांनुसार ही खोली राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच, तर उत्तर भागात ६० इंच धरतात. छोट्या खोलीसाठी पाच फूट खणायचं म्हणजे खर्च आलाच.

दुसरा मार्ग स्कँडिनेव्हियातल्या देशांत अनेक दशकं वापरात आहे. यात पाया उथळ ठेवतात, अगदी १२ ते १६ इंच. पायाच्या बाहेरच्या बाजूने थर्मोकोलसारखी, पण खास जमिनीत वापरायची घट्ट फोम शीट उभी लावतात. कडाक्याच्या थंडीच्या भागात ती जमिनीखाली आडवीही पसरतात. घरातली ऊब या शीटमुळे पायाखाली टिकते आणि तिथली माती गोठत नाही.

मात्र इथे एक मोठी अट आहे. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार अशा खोलीचं मासिक सरासरी तापमान किमान ६४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १८ अंश सेल्सिअस राहायला हवं. त्यामुळे हीटर नसलेली सनरूम या पायावर बांधू नये, तिच्यासाठी वेगळी रचना लागते. डिसेंबरात महिनाभर भारतात येताना त्या खोलीचा हीटर बंद करून येणंही महागात पडू शकतं.

जुन्या घराला जोडताना

- तळघराच्या भिंतीलगतची माती बहुतेक वेळा नंतर भरलेली असते. हा भराव नीट दाबलेला नसेल तर नवा स्लॅब त्या बाजूला खचतो.
- जुन्या पायाच्या खालची माती इंजिनिअरला न विचारता खणू नका.
- जमिनीचा आणि छताचा उतार असा ठेवा, की पाणी घरापासून दूर जाईल.
- खणण्यापूर्वी ८११ वर फोन करा. जमिनीखालच्या सार्वजनिक गॅस आणि विजेच्या लाइन मोफत आखून मिळतात.
- स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्या आणि काँक्रीट ओतण्याआधी पायाची तपासणी करून घ्या.

महाराष्ट्रातल्या काळ्या मातीतही पाया हलतो, फक्त तिथे कारण बर्फ नसून पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी माती असते. थोडक्यात काय, तर खोली कितीही छोटी असो, आधी माती ओळखा. तुमच्या ओळखीत कोणी थंड देशात घर वाढवत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा!