एरंडापासून हुलग्यापर्यंत

रशियाच्या झारांच्या अमदानीत बाल्टिक समुद्राकाठच्या लिव्होनिया प्रांतात डॉर्पाट नावाचे एक विद्यापीठाचे गाव होते. आज ते एस्टोनियात मोडते व टार्टू या नावाने ओळखले जाते. अंमल रशियनांचा, रयत बहुतांशी एस्टोनियन आणि विद्यापीठातील अध्यापन मात्र जर्मन भाषेत, अशा त्या चमत्कारिक स्थळी १८८८ साली हेर्मान श्टिलमार्क नावाच्या एका विद्यार्थ्याने वैद्यकातील डॉक्टरेटसाठी एरंडाच्या बियांतील विषावर प्रबंध सादर केला. त्याचे मार्गदर्शक रोबेर्ट कोबेर्ट हे औषधिविज्ञानाचे प्राध्यापक, आणि विषांची चिकित्सा हा त्यांचा आवडता प्रांत. ज्या बियांचे तेल मुलांना निर्धास्तपणे पाजले जाते, त्याच बिया चावून खाल्ल्या असता माणूस दगावतो, हा अनुभव एरंड जेथे जेथे रुजला तेथे तेथे जुनाच होता; त्याचे कारण इतकेच की, विष पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, आणि म्हणून घाण्यातून एरंडेल निघून गेल्यावर ते मागे पेंडीत राहते. श्टिलमार्कने ते प्रथिन वेगळे केले, त्याला रिसिन असे नाव दिले, आणि ते रक्तात मिसळून पाहिले असता तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके तळाशी बसतात, असे त्यास आढळून आले. रक्त गोठणे ही क्रिया निराळी आणि हे पेशींचे समूहन निराळे. आज लेक्टिन या नावाने जी प्रथिने ओळखली जातात, त्यांच्या कुळाचा मूळपुरुष म्हणून या प्रबंधाकडेच बोट दाखवावे लागते.

मूळपुरुषांच्या हकीकतींत जसा थोडाफार घोटाळा असावयाचाच, तसा तो येथेही आहे. श्टिलमार्कच्या हाती आलेला पदार्थ शुद्ध नव्हता. एरंडाच्या बीत दोन सख्खी प्रथिने असतात, त्यांपैकी एक जहाल विषारी असून समूहनाच्या कामी दुबळे, आणि दुसरे समूहनात तरबेज असून विष म्हणून सौम्य, हे पुढे कित्येक दशकांनी स्पष्ट झाले. म्हणजे त्याने पाहिलेले पुंजके मुख्यत्वे दुसऱ्याचे कर्तृत्व होते आणि नाव मात्र पहिल्याचे झाले. उलटपक्षी, प्रबंधाच्या शीर्षकात त्याने रिसिनला ‘विषारी किण्व’ म्हटले होते, ते वर्णन पुष्कळ काळ भाबडेपणाचे वाटत असता, १९८७ साली एंडो आणि त्सुरुगी या जपानी संशोधकांनी असे सिद्ध केले की, रिसिन हे खरोखरीच एक विकर असून पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएमधला नेमका एक घटक ते छाटून टाकते. प्रबंधलेखकाचा तर्क बरोबर ठरावयास ९९ वर्षे लागली, हे त्याच्या परीक्षकांस सांगावयास हवे होते.

यानंतरचा काही काळ ही सारी विद्या विषाच्याच दप्तरी राहिली. १८९१ साली हेलिन याने कोबेर्ट यांच्याच प्रयोगशाळेत गुंजेतून ॲब्रिन नावाचे तसलेच प्रथिन काढले. आपल्या सराफांनी ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा असा हिशेब ज्या तांबड्याकाळ्या बीवर पिढ्यान्‌पिढ्या चालविला, तीच ही. बर्लिनमध्ये पॉल एर्लिख यांनी उंदरांना ही विषे थोड्या थोड्या वाढत्या मात्रेने देऊन दाखविले की, रिसिन पचविण्यास शिकलेला उंदीर ॲब्रिनने मरतो आणि ॲब्रिनला सरावलेला रिसिनने. प्रतिकारशक्ती ही अशी नेमकी असते, हे प्रतिरक्षाशास्त्रातील मूलतत्त्व त्यांच्या हाती या बियांमुळे आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल लांडश्टायनर यांनी रौबिचेक यांच्यासह मसूर, वाटाणा अशा निरुपद्रवी कडधान्यांतही रक्तपेशी गोळा करणारी प्रथिने आहेत असे दाखविले, तेव्हा कोठे विष आणि समूहन यांची सोयरीक मोडली.

परंतु पेशीवर ही प्रथिने धरतात तरी काय, हा मूळ प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर प्रथम ज्याच्या लेखणीतून उतरले तो अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा जेम्स समनर. किशोरवयात शिकारीच्या अपघातात डावा हात गमावलेल्या आणि प्रयोगशाळेतील काचसामान एका हाताने हाताळणाऱ्या या गृहस्थाने आपल्या अबईच्या जातभाईतील एका शेंगेच्या बियांतून १९१९ साली कॉनकॅनॅव्हॅलिन ए या प्रथिनाचे स्फटिक मिळविले होते. पुढे त्याच बियांतील युरिएज या विकराचे स्फटिक काढल्याबद्दल त्याला १९४६ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९३६ साली त्याने हॉवेल यांच्यासह असे नमूद केले की, कॉनकॅनॅव्हॅलिनमुळे रक्तपेशींचे जे समूहन होते ते उसाची साखर घातली असता थांबते, आणि ग्लायकोजेनही या प्रथिनाने द्रावातून खाली बसतो; तेव्हा पेशीच्या पृष्ठभागावर ते जे काही धरते ते कार्बोहायड्रेट असावे. या विधानाकडे त्या काळी फारसे कोणी वळून पाहिले नाही. विषाचे पंडित, रक्ताचे पंडित आणि साखरेचे पंडित हे एकाच तालुक्याच्या तीन कचेऱ्यांसारखे आपापल्या अर्जांत गुंतलेले होते, व एकाचा कागद दुसऱ्याकडे जाण्याचा शिरस्ता नव्हता, असेच मला याचे कारण दिसते.

रक्तगटांनी हा शिरस्ता पाडला. १९४५ साली बॉस्टन येथे विल्यम बॉईड याला लिमा घेवड्याचा अर्क अ गटाच्या पेशी गोळा करतो आणि ब व ओ गटांच्या पेशींना शिवत नाही, असे दिसले. हेलसिंकीत रेन्कोनेन याने १९४८ साली असेच निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. निवड करण्याच्या या गुणावरून बॉईडनेच १९५४ साली लेक्टिन हे नाव रूढ केले. मधल्या काळात पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात रक्तदानाच्या कामावर असलेले जी. डब्ल्यू. जी. बर्ड या लष्करी डॉक्टरांनी भारतीय बिया तपासावयास घेतल्या, आणि १९५१ साली ‘करंट सायन्स’ या बंगलोरच्या नियतकालिकात हुलग्याविषयी टिपण प्रसिद्ध केले. ज्या हुलग्याला कोकणात कुळीथ म्हणतात, जो देशावर बैलांच्या खुराकात आणि गरिबांच्या माडग्यात शिजतो, तो दळून मिठाच्या पाण्यात भिजवावा, गाळून योग्य तितका पातळ करावा, की अ गटातही अ१ आणि अ२ असे जे दोन पोटभेद आहेत त्यांपैकी अ१च्याच पेशी तो गोळा करतो. ही गोष्ट बर्ड यांनी पुढच्या वर्षी लंडनच्या ‘नेचर’मध्ये मांडली. आजतागायत जगभरच्या रक्तपेढ्यांत या कामी हुलग्याचेच लेक्टिन वापरले जाते. आपल्या शेतातील धान्याचा हा पराक्रम आपल्याच पाठ्यपुस्तकांत का नसावा, हे मला उमजत नाही.

हुलगा जे धरतो ते काय, याचा उलगडा लंडनच्या लिस्टर संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी केला. त्यांची युक्ती समनरचीच: अर्कात निरनिराळ्या शर्करा घालाव्यात आणि कोणत्या शर्करेने समूहन बंद पडते ते पाहावे. अ गट ओळखणारे बीज एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसमीनपुढे हतबल झाले. ब गटाच्या पेशीवरील साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज ही साधी शर्करा असते, आणि अ गटाच्या टोकाला तीच शर्करा किंचित फेरफार केलेली असते. तिच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट जाऊन त्या जागी ॲसिटिलयुक्त अमाइन आलेले असते. अवघ्या काही अणूंचा हा फरक, पण चुकीचे रक्त चढविले गेल्यास प्राण घेण्यास पुरेसा. आणि तो फरक हुलग्याला कळतो. याची उलटी साक्षही उपलब्ध आहे. आतड्याचा कर्करोग अथवा तत्सम विकार झालेल्या अ गटाच्या काही रुग्णांत जंतूंचे एक विकर त्या शर्करेवरील ॲसिटिल काढून टाकते, आणि रक्त ब गटाच्या चाचणीलाही होकार देऊ लागते; प्रयोगशाळेत ॲसेटिक अ‍ॅनहायड्राइडने ते ॲसिटिल परत बसविले की होकार नाहीसा होतो.

याच सुमारास, १९५२ साली, मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना तीन व्यक्तींचे रक्त असे आढळले की, ते अ, ब, ओ यांपैकी कोणत्याच खात्यात बसेना. ओ गटाच्या पेशीसुद्धा त्या रक्ताचा द्रव गोळा करी. ‘लॅन्सेट’मधील त्या प्रसिद्ध लेखावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्या नावांबरोबर मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावे आहेत, हा योगायोग नव्हे. ज्या फ्युकोज शर्करेच्या आधारावर अ आणि ब यांच्या शर्करा जोडल्या जातात, आणि जी ओ गटात एकटीच टोकाशी असते, ती फ्युकोजच या ‘बॉम्बे’ रक्तात नसते. म्हणून अशा माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, त्याला त्याच्याच गटाचा दाता शोधावा लागतो. हा गट पडताळण्यासाठी फ्युकोज ओळखणारे जे लेक्टिन वापरतात ते गॉर्स या युरोपातील काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाचे. ब्रिटिशांच्या मागोमाग ते निलगिरीत आले आणि आज तेथे तण म्हणून उपटले जाते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. १९७० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मेरिलिन एट्झलर आणि एल्विन कॅबट यांनी हुलग्याचे लेक्टिन शुद्ध केले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९४ साली भुईमुगाच्या आणि १९९६ साली फणसाच्या आठळीतील लेक्टिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली, आणि प्रथिनाच्या कोणत्या खोबणीत शर्करा हायड्रोजन-बंधांनी कशी बसते हे अणू-अणूंच्या पातळीवर दिसू लागले. एक गोष्ट मात्र राहिली होती. हुलगा माणसाचे रक्तगट ओळखण्यासाठी काही उगवत नाही. मग हे प्रथिन त्याला हवे कशाला? एट्झलर हुलग्याला सोडावयास तयार नव्हत्या. १९९९ साली त्यांनी दाखविले की, हुलग्याच्या मुळांवर आणखी एक लेक्टिन असते, आणि नत्र स्थिर करणारे रायझोबियम जंतू मुळांना गाठी धराव्यात म्हणून जे शर्करासंदेश पाठवितात, म्हणजे कायटिनच्या तुकड्यांना स्निग्धाम्ल चिकटवून घडविलेली जी द्रव्ये, त्यांना ते धरते.