काफिया, कटाव आणि ऐकणाऱ्याचा कान

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. गझल तुमची, अभंग आमचा. मग तुम्ही इकडे कसे? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. पण काव्याच्या रीतींना धर्म असतो आणि त्या ज्याच्या त्याच्या घरात राहतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास वेगळे सांगतो. तो सांगण्यासाठी मला दूर जावे लागत नाही, माझा बुलडाणा जिल्हाच पुरे आहे.

आमचे सोनाळा संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जिल्ह्याच्या बोलीत ‘घाटाखालचे’ गाव. पंचक्रोशी त्याला सोनाजी महाराजांचे गाव म्हणून ओळखते. इथल्या माणसाच्या कानाला कीर्तनही नवे नाही आणि कव्वालीही. दोन्हीकडे ऐकणारा गप्प बसत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी ध्रुपद उचलतात. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो, श्रोते ती उचलून धरतात आणि दुसरी ओळ कुठल्या शब्दावर येऊन थांबणार याचा अंदाज बांधतात. अंदाज खरा ठरला तर दाद, आणि सुंदर रीतीने चुकला तर त्याहून मोठी दाद.

काव्याच्या साधनांचे काम इथे कळते. यमक, अनुप्रास, ध्रुपद, रदीफ यांना आपण दागिने समजतो. ‘अलंकार’ या शब्दानेच तसा समज करून दिला आहे. पण ही साधने ऐकणाऱ्याला कामाला लावतात. अर्धी ओळ कवीची, उरलेली अर्धी श्रोता मनात रचतो. आणि जे आपणच पुरे केले, ते नाकारणे माणसाला जड जाते. एरवी वादात जे वाक्य आपण ऐकूनही घेतले नसते, ते लयीत आले की आत शिरते. संस्कृत अलंकारशास्त्राने हे ओळखले, तसेच अरबी-फारसी बलागतनेही. तिकडे रूपक, तर इकडे इस्तिआरा. तिकडे श्लेष, तर इकडे ईहाम, म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ ठेवून श्रोत्याला क्षणभर चकवणे.

पैठणचे एकनाथ (1533–1599) यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ या दृष्टीने पाहा. दोन धर्म एकाच देवाकडे जातात, हे सांगायचे तर एका अभंगात सांगता आले असते. नाथांनी संवाद निवडला. हिंदू बोलतो, तुर्क उत्तर देतो. दोघेही एकमेकांच्या श्रद्धेतल्या विसंगतीवर बोट ठेवतात आणि शेवटी गळाभेट घेतात. या रचनेत श्रोत्याची कोंडी होते. समोरच्याची फजिती होते तेव्हा तो मनमोकळा हसतो, आणि हसू ओसरण्याआधीच पाळी त्याच्या बाजूवर येते. आता हसायचे थांबला तर आधीचे हसणे खोटे ठरते. उपदेश ऐकताना माणूस अंग चोरतो. संवादात त्याला दोन्ही बाजूंना बसावे लागते. शेवटची गळाभेट पटते, कारण तिथवरची वाट श्रोता स्वतः चालून आलेला असतो.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी दुसरी वाट घेतली. त्यांचा ‘योगसंग्राम’ 1645 मध्ये पूर्ण झाला. ओवीबद्ध ग्रंथ, अठरा प्रसंगांचा. नावातच रूपक आहे: साधना म्हणजे युद्ध, जीव म्हणजे योद्धा आणि काम-क्रोधादी विकार हे शत्रू. भागवत श्रोत्याला षड्रिपूंची कल्पना नवी नव्हती. सूफी परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला नफ्सशी झगडणे, म्हणजे मुजाहदा, नवा नव्हता. एकाच रूपकात दोघांनाही आपले घर दिसले. कोणाला धर्म सोडायला सांगितलेले नव्हते. लढाई बाहेरच्या माणसाशी नसून आतल्या विकारांशी आहे, एवढे मात्र दोघांच्याही गळी उतरले.

त्यांच्या अभंगांतल्या नाममुद्रेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो. दोन परंपरांत हे साधन जवळपास सारखे आहे. नाव आले की श्रोत्याला कळते, हा बोल कोणाच्या अनुभवाचा आहे. शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. मुसलमानांसाठी हा शब्द वापरला जाई, आणि त्यात आपुलकी नव्हती. कवीने तो स्वतःच उचलून नाममुद्रेच्या जागी ठेवला. अभंग आपल्या ओळखीचा, भाव आपल्या ओळखीचा, आणि शेवटी नाव मात्र परक्याचे. भक्तीत रमलेल्या श्रोत्याला तिथे ठेच लागते. आता एकतर आत्ताच डोललेली मान मागे घ्या, नाहीतर परका कोण याचा पुन्हा विचार करा. वाद न घालता एवढा मोठा प्रश्न टाकणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. घाटावर, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. 1724 मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, दख्खनमधली निजामाची सत्ता पक्की झाली, आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. याच गावात 1698 च्या सुमारास कवी अमृतराय जन्मले. मध्वमुनीश्वरांचे हे शिष्य पुढे औरंगाबादेत राहिले. ते शहर फारसी कारभाराचे, दखनी बोलीचे आणि मराठी कीर्तनाचे. या तिन्हींचा ठसा त्यांच्या रचनेत दिसतो.

अमृतराय ओळखले जातात ते कटावासाठी. कटाव म्हणजे छोट्या-छोट्या तुकड्यांची, अनुप्रासांनी खच्चून भरलेली, एका दमात म्हणायची द्रुत रचना. ओवी श्रोत्याला विचार करायला सवड देते. कटाव ती काढून घेतो. द्रौपदीवस्त्रहरणासारख्या प्रसंगात हेच हवे असते. नादावर नाद आदळत जातो, श्रोत्याचा श्वास कवीच्या श्वासाला बांधला जातो, आणि थांबण्याची जागा कवी देईल तेव्हाच मिळते. अर्थ नंतर येतो, धडधड आधी. अनुप्रासाला शब्दांचा खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी कटाव मोठ्याने म्हणून पाहावा.

याच अमृतरायांची एक रचना मराठीतली पहिली गझल मानली जाते. विषय सर्वव्यापी हरीचा, घाट फारसीचा. हरिकथेला काफिया-रदीफ चालतात का, हा प्रश्न त्यांच्यासमोर अडून बसलेला दिसत नाही. औरंगाबादेच्या श्रोत्याचा कान दोन्हींना सरावला होता, म्हणून त्यांनी तिथले जे कानात बसलेले होते ते घेतले. पुढे मोरोपंतांसारख्या (1729–1794) पंडित कवीनेही गझलेचे वृत्त हाताळले.

विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी हे काम शास्त्रशुद्धपणे केले. ते फारसीचे प्राध्यापक होते. 1925 मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला, 1933 मध्ये ‘गज्जलांजलि’. पुढे हेच माधवराव भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि 1938 मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठीतून फारसी शब्द जावेत, असे त्यांना वाटू लागले. यातली गंमत ध्यानात घ्यावी. शब्द कोशातून काढता येतो, त्याला प्रतिशब्द घडवता येतो. पण यमक येण्याआधीची आतुरता आणि रदीफ परतून आल्याचा आनंद कसा काढणार? तो कानात असतो. शब्दांवर पहारा बसला तरी गझलेचा घाट मराठीत राहिला.

राहिला इतका की अमरावतीच्या सुरेश भटांनी (1932–2003) तो घरोघरी पोचवला. ‘रंग माझा वेगळा’ 1974 चा, ‘एल्गार’ 1983 चा. गझल म्हणजे प्रेम आणि शराब ही समजूत भटांनी मोडली आणि उपेक्षिताचा, फसवल्या गेलेल्या माणसाचा संताप शेरात आणला. शेर दोन ओळींत पुरा होतो: पहिलीत मांडणी, दुसरीत कलाटणी. दुसऱ्या ओळीत वार येणार हे श्रोत्याला माहीत असते, तरी तो गाफील पकडला जातो. राग लांबलचक भाषणात विरतो. दोन ओळींत तो टोकदार होतो आणि पाठ होतो. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही, तो शेर डोक्यात घेऊन जातो.

इथवर मी साधनांचे गुण गायले. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. यमकाला नीती नसते. जी लय गळाभेट पटवते, तीच शिवीही पटवू शकते. आज मिरवणुकीच्या भोंग्यावर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या ज्या तुकबंद्या एका समाजाला दुसऱ्याविरुद्ध चेतवतात, त्याही हीच कारागिरी वापरतात. पहिली ओळ ओळखीची, दुसरीची तुक आधीच कळलेली, आणि ती जमावाकडून पुरी करून घेतलेली. घोषणा देणाऱ्याला वाटते आपण मत मांडतो आहोत. खरे तर त्याच्या तोंडून काफिया बोलत असतो. नाथांच्या संवादात पाळी दोन्ही बाजूंना येते, या तुकबंद्यांत ती एकाच बाजूला येत राहते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर आपला कान कुठे वळवला जातो आहे, हे आपल्याला कळायला हवे.

म्हणून शाळेत अलंकार शिकवताना व्याख्या आणि उदाहरण एवढ्यावर भागू नये, असे मला वाटते. या ओळीने तुला कुठे हसवले, कुठे अडवले, कुठे तुझ्याकडून होकार काढून घेतला, हे मुलांना विचारावे. शेख महंमदांच्या नाममुद्रेजवळ थांबलेले मूल पुढे भोंग्याजवळही क्षणभर थांबेल. आणि गझल कोणाची, अभंग कोणाचा, हे त्याला कोणी विचारले, तर साखरखेर्ड्याच्या एका कीर्तनकाराचे नाव त्याला सांगता येईल.