सूर्य मावळायच्या आत

आमच्या इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना इतवारिया बाजारातलं काचमंदिर दाखवायला नेतो. ते सर सेठ हुकुमचंदांनी बांधलं. त्यांच्याच नावाची कापड गिरणी १९१५ च्या सुमारास उभी राहिली. समाजाचा इतिहास सांगताना आपण शेठजींपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. पण गिरण्यांमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहणारे जैनही होते. माझे बाबा त्यांतलेच.

माळव्यातली काळी माती कापसाची. होळकरांच्या राज्यात इथे गिरण्या निघाल्या. १९०९ ची मालवा मिल, मग हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण. परदेशीपुरा, पाटणीपुरा या भागांत मजुरांची वस्ती वाढली. माझे आजोबा वऱ्हाडातून इथे आले ते पोटासाठीच.

बाबांची दुपारची पाळी असली की घरात नुसती धावपळ. पाळी सुटायची रात्री अकराला आणि आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. गिरणीच्या भोंग्याला आमचा नेम कुठला ठाऊक! आई उन्हं असतानाच पोळ्या करायची आणि मी डबा घेऊन फाटकाशी पळायची. हिवाळ्यात कधी बाबांना बाहेर यायला उशीर व्हायचा. तोवर अंधारलेलं असायचं. मग डबा तसाच परत. शिळं चालत नाही, म्हणून सकाळी तो गाईपुढे. बाबा उपाशीपोटी आठ तास उभे राहायचे, पण त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघत. तोच आमच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. उपास असूनही बाबा मला खांद्यावर बसवून रात्रभर गर्दीत उभे राहत. आपल्या गिरणीची झांकी आली की त्यांचा चेहरा उजळायचा.

पुढे एकेक गिरणी बंद पडली, बाबांचीही. माझं लग्न ठरवताना स्थळांकडे पाठवायच्या कागदावर मीच लिहिलं, ‘वडील कापडाच्या धंद्यात.’ मला लाज वाटत होती, दुसरं काय! बाबांनी तो कागद वाचला. “मी धंदा कधी केला गं?” एवढंच म्हणाले आणि घडी घालून परत दिला.

आज बाबा नाहीत. शेठजींचं नाव दगडावर कोरलेलं आहे, ते राहील. माझ्या हातून चुकलेली ओळ मात्र मलाच दुरुस्त करायला हवी. वडील, गिरणी कामगार. साचेखाता.